प्लग ओला की कोरडा, ते आधी बघा

प्रश्न : दापोली तालुक्यात आमची हापूसची आणि थोडी नारळ-सुपारीची बाग आहे. मिस्टर नोकरीमुळे मुंबईला असतात, बागेचं सगळं मीच बघते. निसर्ग वादळात झाडं आडवी झाली तेव्हा पेट्रोलवरचं, झाडं कापायचं चेनचं कटर घेतलं. इतकी वर्षं नीट चाललं. यंदा पावसाळाभर ते पडवीत पडून होतं. आता जुन्या कलमांच्या फांद्या उतरवायला काढलं तर सुरूच होईना. गडी अर्धा अर्धा तास दोरी ओढतो, खांदे भरून येतात, मग कधीतरी लागतं. लागलं की काम चांगलं करतं. पण चहाला म्हणून बंद केलं की परत तेच. गडी म्हणतो मशीन बाद झालं, दुकानदार म्हणतो कार्बोरेटर बदला, शेजारचे भाऊजी म्हणतात प्लग बदला. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, तूर्त तिघांचंही ऐकू नका आणि दुकानातून काहीही आणू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य फार कामाचं आहे, आणि ते या तिघांपैकी कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही : लागलं की काम चांगलं करतं. पिस्टन घासलेलं किंवा रिंगा गेलेलं मशीन आंब्याच्या फांदीत घातलं की मान टाकतं. आवाज बसतो, रेस दिली तरी चेन अडते. तुमचं तसं होत नाही. म्हणजे इंजिन बहुधा धडधाकट आहे, घोळ सुरू होण्यापुरताच आहे. आणि तो घोळ कुठे आहे हे शोधायला प्लगचा पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि दुपारचा थोडा निवांत वेळ एवढं पुरतं.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे : टाकीत राहिलेलं पावसाळ्यापूर्वीचं पेट्रोल, आणि तुमच्या गड्याची चोक, म्हणजे इंजिनाची हवा अडवणारी कळ, वापरायची पद्धत. या दोन्ही एकत्र आल्या की चांगलं मशीनही अर्धा तास रडवतं.

पेट्रोलपासून सुरू करू. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुम्ही २०२० मध्ये कटर घेतलंत तेव्हा हेच प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास होतं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत पुरेसं पाणी मुरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जाऊन बसतात. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाण्याचा. त्यात आणखी एक वाईट गोष्ट अशी की तुम्ही पेट्रोलात मिसळलेलं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, खालच्या थरात ते जवळपास नसतंच. खात्री करायची असेल तर टाकी हलवून जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि सावलीत तासभर ठेवा. खाली वेगळा थर आणि मधे रेघ दिसली तर पुढचा निम्मा मजकूर वाचायची गरज पडणार नाही.

रेघ दिसली नाही तरी ते पेट्रोल वापरू नका. नुसतं ठेवून ठेवूनही पेट्रोल उतरतं. त्यातला चटकन पेट घेणारा हलका भाग आधी उडून जातो, आणि थंड इंजिन सुरू होतं ते त्याच भागाच्या जोरावर. एकदा इंजिन तापलं की उरलेलं जड पेट्रोलही जळतं आणि मशीन छान चालतं. सुरू होताना नाटकं, सुरू झाल्यावर शहाणं, हे तुमचं लक्षण या वर्णनाशी जुळतं. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवावं असं कंपन्याच सांगतात. पुष्कळ मशीनच्या पुस्तकांत तर १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. पण पंपावर मिळतं ते आपल्या हातात नाही. थोडं आणायचं आणि लवकर संपवायचं, एवढंच आपण करू शकतो. काढलेलं जुनं पेट्रोल आळ्यात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका, चूल पेटवायला तर मुळीच नाही. गॅरेजवाल्याला द्या, त्याला सुटे भाग धुवायला लागतं.

नवीन पेट्रोल मिसळताना माप हवं. चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि पुस्तकात १:५० लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलि. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ५२ किंवा ५८ सीसीच्या मशीनच्या पुस्तकात बरेचदा १:२५ असतं, तिथे ४० मिलि. तुमच्या मशीनचं पुस्तक काय म्हणतं ते प्रमाण. औषधाच्या बाटलीवरचं माप घ्या, 'झाकणभर' हे माप नव्हे. डब्यात आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, डबा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचा. बरेच गडी कटरच्या टाकीतच वरून ऑइल ओततात. ते खाली बसतं, पहिल्यांदा नुसतं ऑइल ओढलं जातं आणि प्लग काळा चिकट होतो. नंतर ऑइलशिवायचं पेट्रोल येतं आणि पिस्टन घासतो. मोटरसायकलच्या इंजिनात घालतात ते ऑइल इथे चालत नाही, हे सांगायला नको, पण बघितलंय म्हणून सांगतो.

आता चोक. गड्याला समोर बसवून हा भाग वाचून दाखवा.

थंड मशीन सुरू करताना चोक पूर्ण लावतात, तो हवा अडवून पेट्रोल जास्त ओढलं जावं म्हणून. चेनचा ब्रेक पुढे ढकलून लावायचा, कटर जमिनीवर सपाट ठेवायचं, डावा हात पुढच्या हँडलवर, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, आणि उजव्या हाताने दोरी. आधी दोरी हळू ओढायची, अडल्यासारखी वाटते तिथपर्यंत. मग तिथून झटका. दोरी पूर्ण लांबीपर्यंत खेचायची नाही आणि सोडून द्यायची नाही, हाताने आत जाऊ द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या किंवा चौथ्या झटक्याला इंजिन एकदाच 'फुर्र' करतं आणि गप्प होतं. तो आवाज म्हणजे पेट्रोल पोचल्याची पावती. त्या क्षणी चोक काढायचा. काही मशीनवर खटका एक घर वर सरकवायचा असतो, काहींवर बाहेर ओढलेली कळ आत ढकलायची असते. रेस अर्धी अडकलेली राहते. पुढच्या एक-दोन झटक्यांत मशीन लागतं. लागल्याबरोबर रेसचा ट्रिगर एकदा दाबून सोडायचा, म्हणजे अडकवलेली रेस उतरते. मग ब्रेक सोडायचा.

बहुतेक वेळा होतं काय, तर तो 'फुर्र' ऐकूच येत नाही. कानाला मफलर असतो, शेजारी पंप चालू असतो, गप्पा चालू असतात. किंवा आवाज येतो आणि गडी म्हणतो, 'आता लागतंय, लागतंय,' आणि चोक तसाच ठेवून आणखी दहा झटके मारतो. प्रत्येक झटक्याला आत पेट्रोल जातं, हवा जात नाही. प्लग भिजतो, ठिणगी भिजलेल्या टोकावरून घसरून जाते. गॅरेजच्या भाषेत मशीन 'ओव्हर' झालं. यानंतर कितीही ओढा, खांदाच दुखणार. अर्ध्या तासाने 'कधीतरी लागतं' ते तेवढ्या वेळात पेट्रोल उडून प्लग थोडा सुकतो म्हणून. तेव्हा नियम असा ठेवा : पूर्ण चोकवर पाच झटके, बस. 'फुर्र' ऐकू आला नाही तरी चोक काढा आणि अर्ध्या रेसवर ओढा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. काही जण कटर एका हाताने हवेत धरून खाली झोकतात आणि दुसऱ्या हाताने दोरी खेचतात. बघायला रुबाबदार दिसतं. अर्ध्या रेसवर अडकवलेलं मशीन असं सुरू झालं आणि ब्रेक लावलेला नसेल तर चेन फिरतच लागते, आणि ती तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर असते. झाडावर चढून, फांदीवर तोल सावरत दोरी ओढणं तर त्याहून वाईट. आणि पेट्रोल जिथे भरलं तिथेच सुरू करू नका, निदान ३ मीटर लांब जा. ऑक्टोबरात खालचं गवत वाळायला लागलेलं असतं.

नवीन पेट्रोल घातलं, पद्धत सुधारली, तरी लागत नाही, असं समजा. आता प्लग काढा. सारं निदान इथे आहे, म्हणून पाच-सात झटके मारल्यानंतर लगेच काढायचा, दुसऱ्या दिवशी नव्हे. टोक बोटाने पुसून बघा : ओलं आहे की कोरडं?

ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय आणि पेटत नाही. मशीन आधी मोकळं करा. स्विच बंद, चोक काढलेला, प्लगचं भोक तोंडापासून लांब फिरवून सहा-सात वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा येईल, म्हणून जवळ विडी नको आणि प्लगची टोपीही भोकापासून दूर धरलेली हवी. पाच मिनिटं उघडं ठेवा. प्लग फडक्याने पुसा, काळा असेल तर पितळी ब्रशने साफ करा. दोन टोकांमधलं अंतर बहुतेक कटरना ०.५ मिलीमीटर लागतं. मोटरसायकलच्या प्लगपेक्षा हे कमी आहे. गॅरेजवाला सवयीने जास्त ठेवतो आणि मग दोरीच्या झटक्याला ठिणगी उडी मारत नाही. प्लग परत लावा, चोक काढलेलाच ठेवा, रेस पूर्ण दाबून धरायची सोय करा, ब्रेक लावलेला आहे ना ते पुन्हा बघा आणि ओढा. ओव्हर झालेलं मशीन असंच उठतं. सुरुवातीला पांढऱ्या धुराचा लोट येईल, घाबरू नका.

तरीही नाही उठलं तर करंट तपासा. टाकीचं झाकण घट्ट लावून, सांडलेलं पुसून, सावलीत बसा. उन्हात ठिणगी दिसत नाही. प्लग टोपीत घालून त्याचं लोखंडी अंग सिलेंडरच्या पाकळ्यांना टेकवा, भोकापासून लांबच्या बाजूला, आणि भोकावर फडकं दाबून ठेवा. प्लग रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. स्विच चालू, दोरीला झटका. निळी ठिणगी आणि 'टक' असा आवाज हवा. पिवळट, मरतुकडी ठिणगी आली किंवा आलीच नाही तर नवीन प्लग लावून हेच करून बघा. म्हणजे भाऊजींचा सल्ला अगदीच चुकीचा नाही. प्लग स्वस्त असतो आणि एक जादा जवळ असावाच. फक्त तो पहिला उपाय नव्हे. ओव्हर होणाऱ्या मशीनमध्ये नवा प्लगही पाच झटक्यांत भिजतो, आणि मग माणूस म्हणतो नवीन प्लगसुद्धा खराब निघाला.

नव्या प्लगलाही करंट नसेल तर कॉइल, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणारा भाग, बदलण्याआधी स्विचची वायर बघा. हा स्विच मशीन बंद करतो तो करंट जमिनीत, म्हणजे मशीनच्या धातूच्या अंगात उतरवून. ती बारीक वायर कुठे सोलली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा स्विचमध्ये पावसाळी गंज बसला असेल तर मशीन कायमचं 'बंद' स्थितीतच असतं. कॉइलकडची तिची पिन काढून ठेवा आणि पुन्हा झटका मारून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा वायरचा. पिन परत लावेपर्यंत मशीन स्विचने बंद होणार नाही, हे लक्षात ठेवून तसंच कामाला घेऊ नका.

पावसाळ्यात पडून राहिलेल्या कटरमध्ये आणखी एक गोष्ट हमखास आढळते. दोरीकडचं कव्हर काढलं की आत फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक दिसतं. त्यातले चुंबक आणि समोरचे कॉइलचे पाय तांबूस गंजलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने ते चकचकीत करा. कॉइल आणि चुंबक यांमधलं अंतर साधारण ०.३ मिलीमीटर हवं, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे सरकवून कॉइलचे स्क्रू आवळले की ते मिळतं. कार्ड काढायला विसरू नका.

आता दुसरी बाजू. प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही. इथे सोप्यातून अवघडाकडे जायचं. टाकीचं झाकण वरच्या बाजूला येईल असं कटर ठेवून झाकण थोडं सैल करा आणि ओढून बघा. लागलं, तर टाकीत हवा आत घेणारं बारीक छिद्र बुजलंय. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली नाही तर टाकी पेट्रोल धरून ठेवते. भुसा आणि ऑइल यांचा चिखल तिथे साचतो, छिद्र पुसून मोकळं करा. नंतर वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. कापसासारखा पांढरा असायला हवा. तपकिरी, बुळबुळीत असेल तर बदला, त्याची किंमत किरकोळ असते. फिल्टरला जोडलेली रबरी नळी बोटांत दाबून वाकवून बघा, विशेषतः ती टाकीच्या भिंतीतून बाहेर पडते तिथे. इथेनॉलने हे रबर कडक होतं किंवा फुगतं आणि केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र ओढली जाते.

नळ्या ठीक असतील, तरच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. दुकानदाराचा मुद्दा इथे येतो, इतक्या उशिरा. कटरच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखी वाटी आणि तरंगणारा फ्लोट नसतो, कारण झाडावर काम करताना मशीन आडवं-उलटं होतं. त्याऐवजी डायफ्राम असतो, म्हणजे पातळ रबरी पडदा. तो हवेच्या दाबाने हलतो, एका इवल्या खटक्याला दाबतो आणि सुई उघडून पेट्रोल आत घेतो. हा पडदा मऊ, लुळा हवा. जुनं पेट्रोल त्यावर सुकलं की तो पापडासारखा कडक होतो, आणि दोरीच्या झटक्याने जो हलकासा ओढ निर्माण होतो त्याला तो हलतच नाही. एकदा इंजिन लागलं की ओढ जोरदार असतो, मग पडदा नाइलाजाने हलतो. म्हणजे हेसुद्धा तुमच्या लक्षणात बसतं, आणि म्हणून दुकानदाराला खोटा म्हणता येणार नाही. पण त्यावर इलाज पूर्ण कार्बोरेटर नव्हे, पडदे आणि गॅस्केट (सांध्यात बसणाऱ्या पातळ चकत्या) यांचा किट आहे.

किट स्वतः बसवायचा झाला तर मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढा. सहसा ज्या बाजूला गोल पडदा आहे तिथे आधी गॅस्केट, त्यावर पडदा, त्यावर झाकण. पलीकडे टाकीतून पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, त्या बाजूला उलट : आधी पंपाचा पडदा, त्यावर गॅस्केट. ही अदलाबदल झाली की किट नवा असून मशीन मुकं. पंपाच्या बाजूला एक इवलीशी जाळी असते, नखाएवढीही नाही. बरेचदा सगळा कचरा तिथेच अडकलेला सापडतो आणि पडदे बदलायचीही वेळ येत नाही. सफाईचा स्प्रे मारायचा असेल तर रबरी भाग काढून ठेवून मारा. कॉम्प्रेसरची हवा तर पडदे आत असताना कधीच नको. मात्र तुमचं मशीन स्वस्तातल्या ५८ सीसीच्या जातीचं असेल, तर त्याचा अख्खा कार्बोरेटर किटच्या किमतीत फारसा फरक न पडता मिळतो. तिथे बदलून टाकणंच शहाणपणाचं. पण टाकी आणि नळी साफ न करता बदललात तर महिन्याभरात तोही याच वाटेने जाईल.

कार्बोरेटरवर बाहेरून दिसणारे एल (कमी रेसचा) आणि एच (पूर्ण रेसचा) असे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे दोन स्क्रू असतात. गड्याने ते फिरवले आहेत का, एवढं शांतपणे विचारा. रागावलात तर नाही म्हणेल. मूळ जागा बहुतेक ठिकाणी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत आणि मग साधारण एक फेरा बाहेर अशी असते, नेमकं पुस्तकात बघा. एच स्क्रू आत आवळला की आवाज चढतो, गडी खूश होतो, आणि पेट्रोलाबरोबर ऑइलही कमी मिळाल्याने पिस्टन घासायला लागतो. सुरू न होणाऱ्या मशीनवरचा हा उपाय नव्हेच.

तुमची दुसरी तक्रार, चहानंतर न लागण्याची. मला ती पहिलीपेक्षा जास्त बोलकी वाटते. चहाला बंद केलेलं इंजिन गरम असतं. त्याला चोक लागत नाही. तरी गडी सवयीने पूर्ण चोक लावतो, आणि गरम इंजिन दोन झटक्यांत ओव्हर होतं. उद्या एवढंच करून बघा : चहानंतर चोकला हातही लावू नका, फक्त रेस अर्ध्यावर अडकवा आणि ओढा. लागलं तर विषय संपला. नाही लागलं तर तिथल्या तिथे, गार व्हायच्या आत, फडक्याने धरून प्लग काढा आणि करंट बघा. गरम असताना ठिणगी गायब आणि गार झाल्यावर हजर, हे कॉइल आतून तडकल्याचं लक्षण आहे. तापली की आतली बारीक तार सुटते. अशी कॉइल बदलावीच लागते. ठिणगी चांगली, पण प्लग कोरडा असेल तर उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. टाकीचं झाकण सावकाश सैल करून दाब सोडा आणि दहा मिनिटं सावलीत राहू द्या. काम थांबवताना एकदम बंद न करता मिनिटभर बिनरेसचं चालू ठेवलं आणि तापलेल्या कातळावर न ठेवता झाडाखाली ठेवलं तर हा त्रास निम्मा होतो.

ठिणगी आहे, प्लग ओलसर आहे, चोक लावलेला नाही, आणि तरी गरम मशीन लागत नाही, गार झालं की लागतं, असं असेल तर मात्र मला काळजी वाटेल. तो दाबाचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. स्विच बंद ठेवून, प्लग घट्ट असताना, कटर दोरीच्या मुठीला धरून उचला. चांगल्या इंजिनाचं मशीन दोरीवर लटकून राहतं आणि थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली उतरतं. सरसर घसरलं तर दाब गेला. गॅरेजमध्ये मीटर असेल तर आकडा घ्या : १२० पीएसआयच्या वर असेल तर चिंता नको, १०० च्या खाली असेल तर सिलेंडर-पिस्टनचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत शेजारी मांडून बघायची वेळ आली. डोळ्यांनी बघायचं तर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट सोडवा, समोर पिस्टनची बाजू दिसते. उभे ओरखडे नसतील तर झोप लागू द्या.

सायलेन्सर सोडवलातच तर त्याच्या तोंडाशीही बघा. काही मशीनमध्ये तिथे ठिणग्या अडवणारी जाळी असते, ती जास्त ऑइलच्या काजळीने बुजते. आणि पडवीत चार महिने ठेवलेल्या कटरच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं मी स्वतः उकरून काढलंय. त्या मशीनला तोवर नवीन प्लग, नवीन फिल्टर आणि नवीन कार्बोरेटर बसवून झाले होते. एअर फिल्टरचं सांगायचं राहिलं : तो काढून आपटा, ब्रशने झाडा, लागलं तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. फणसाचा भुसा चिकाने तिथे पक्का बसतो. एअर फिल्टर बुजला म्हणजे चोक कायमचा लावल्यासारखंच.

पुढच्या वर्षासाठी. तुम्हाला पावसाळ्यातही कटर लागणार, झाड कधी रस्त्यावर पडेल याचा नेम नसतो. म्हणून मे अखेरीस टाकी रिकामी करा, उरलेल्या थेंबांवर मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग प्लग काढून चमचाभर टूटी ऑइल आत सोडा आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढा. प्लग परत लावा. कटर पडवीऐवजी घरातल्या कोरड्या जागी टांगा. सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा आणि तो दिसेल असा लाल रंगाचा. झाड पडलं की बोळा काढायचा, ताजं पेट्रोल मिसळायचं, पहिले झटके प्लग काढून मारायचे म्हणजे आतलं ऑइल बाहेर येईल, आणि काम झालं की टाकी पुन्हा रिकामी.

आज मात्र क्रम एवढाच ठेवा : जुनं पेट्रोल बाहेर, ताजं मापाने आत, एअर फिल्टर साफ, गड्याला चोकचा धडा. यावर लागलं नाही तर सात झटक्यांनंतरचा प्लग ओला होता की कोरडा, करंट निळा होता की पिवळा, आणि मशीन कोणत्या सीसीचं आहे, हे तिन्ही लिहून पाठवा. दुकानात जायची वेळ आलीच तर 'चालू होत नाही' असं सांगू नका, ही तीन उत्तरं सांगा, आणि जो भाग बदलतील तो जुना भाग परत मागून घ्या.